वाटीत उरलेले ठोकळे

चिखलीच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझ्या बॅगेची तुटलेली कडी तारेनं बांधली, पक्कडीनं पीळ दिला आणि दोनदा हिसका मारून पाहिला. पुण्याची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता, आई खिडकीखाली उभी होती, आणि हा माणूस उकिडवा बसून तारेचं टोक आत दुमडत होता, माझ्या हाताला टोचू नये म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोबतच्या दोन मुलींच्या बॅगा नव्याकोऱ्या होत्या. आईनं खिडकीतून विचारलं, "काई राह्यलं त नाई ना वं घरी?" हा तिचा ठरलेला प्रश्न. आठवडी बाजाराला निघालं तरी विचारायची. मी म्हटलं, "नाई वं आई, सारं घेतलं." सारं घेतलं म्हणे! काय शहाणी होते मी.

आमचं गाव साखरखेर्डा. बाजाराच्या रस्त्यावर बाबांचं दुकान होतं, फवारणीचे पंप आणि सायकली दुरुस्त करायचं. पंप खोलला की ते जमिनीवर पोतं अंथरत आणि जो भाग आधी निघाला तो आधी, या क्रमानं सगळं मांडत. वायसर, स्प्रिंग, नळी, नोझल. जोडताना उलट्या बाजूनं उचलत जायचं. शेवटी पोतं रिकामं दिसलं पाहिजे. एखादा नट जरी उरला तरी पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाईक कितीही कावलेलं असो, बाबांचं एकच: "सामान उरलं म्हंजे काम चुकलं." मी त्या पोत्याच्या कडेला बसून मोठी झाले.

पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली, ती अजून चालू आहे. पहिल्या वर्षी तोंड उघडलं की आजूबाजूच्या बाया गालात हसायच्या. मी "काऊन?" म्हटलं की कुणीतरी ते परत म्हणून दाखवायचं, गोड आवाजात. म्हणून मग मी "का बरं?" शिकले, "करून राह्यली" सोडून "करते आहे" शिकले. आता मला कुणी हसत नाही. फोनवर आईशी बोलतानासुद्धा माझ्या तोंडून "मले"ऐवजी "मला" निघायला लागलं, तेव्हा आई म्हणाली, "मॅडम झाली माही पोरगी." हसली ती, पण मला ते लागलं.

ठोकळ्यांचा नाद कसा लागला ते सांगते, हसा खुशाल. लॅबमधल्या एकीच्या मुलाचा वाढदिवस होता. मी त्याला द्यायला प्लास्टिकच्या ठोकळ्यांचा एक डबा घेतला, छोटंसं रेल्वे स्टेशन होतं त्यात. घरी आणून सहज उघडून पाहिला आणि मग त्याला दिलाच नाही. त्याला बॅट दिली. सुट्टीच्या दिवशी मी पोह्यांच्या प्लेटांमध्ये ठोकळे वेगळे केले, लाल एकीकडे, पांढरे एकीकडे, बारीकसारीक वाटीत, आणि जमिनीवर बसून जोडत गेले. ठोकळा ठोकळ्यावर बसताना एक बारीक टक् आवाज होतो. तो ऐकला की माझ्या पाठीत दिवसभर धरलेलं काहीतरी सुटतं. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे सोबतच्या पुस्तकात एक अक्षर नसतं, नुसती चित्रं. तिथे कुणी तुमची भाषा सुधारत नाही.

मग दीपस्तंभ आला, बेकरी आली, जहाज आलं. लग्न झालं नाही. का झालं नाही ते आमच्या नातेवाइकांना विचारा, त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. भिंतीवरची फळी भरली, दुसरी ठोकली. चाळिशीची बाई खेळणी जमवते म्हणून लॅबमध्ये माझी टिंगल होते. होऊ दे. तुमच्यातल्या ज्या माझ्यासारख्या गाव सोडून आल्यात त्यांना माहीत असेल, परक्या शहरात काहीतरी एक असं लागतं जे आपल्या हातानं, नीट, शेवटपर्यंत होतं.

आई गेली आणि घरात बाबा एकटे राहिले. मी हट्टानं त्यांना पुण्याला आणलं. आमच्याकडची जुनी माणसं लेकीच्या घरचं पाणीही पीत नाहीत. मी म्हटलं, "बाबा, हे काय माझं सासर आहे? घर माझं आहे, या घराचे हप्ते मी भरते." ते आले, पण येताना तुरीच्या डाळीचं एक पोतं घेऊन आले. "आपलं आपुन खाऊ," म्हणाले. शिवाय रोज काहीतरी काम केल्याशिवाय ताटावर बसत नसत. गळका नळ झाला, कुकरची शिट्टी झाली, गॅसचं बटण झालं, वॉचमनची डुगडुगती खुर्ची झाली. शेजारणीचा मिक्सर स्वतः मागून आणला. हळूहळू आमच्या मजल्यावर मोडकं असं काही राहिलंच नाही. मग बाबांची नजर माझ्या फळीवर गेली.

फळीच्या टोकाला एक स्टीलची वाटी असते. प्रत्येक डब्यात अगदी बारीक तुकडे एकदोन जास्तीचे येतात. हरवतील म्हणून कंपनीच टाकते. जोडून झालं की ते उरतात आणि मी वाटीत टाकते. बाबांनी ती वाटी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हे काय हाये वं?"

"जास्तीचे आहेत ते."

"जास्तीचे? कंपनी येडी हाये का जास्तीचं द्याले?"

मी खूप समजावलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणाले. मला वाटलं, मिटलं. दुसऱ्या दिवशी लॅबमधून आले तर हॉलमध्ये चादर अंथरलेली, आणि तिच्यावर माझं रेल्वे स्टेशन सुटं करून, ओळीनं, जो तुकडा आधी निघाला तो आधी. बाबा मध्ये बसलेले, नाकावर चष्मा.

मी कडाडले. पुण्याची मराठी गेली कुठल्या कुठं. "काऊन खोललं तुमी? कोनं सांगतलं होतं? माहं होतं ना ते!"

बाबा काही चिडले नाहीत. म्हणाले, "ओरडू नको, माय. कुठं चुकलं ते पाहून राह्यलो. सापडन."

मी हातपाय धुतले आणि चादरीच्या दुसऱ्या बाजूला बसले. लहानपणी पोत्याच्या कडेला बसायचे तशी. त्या दिवसापासून आम्ही दोघं मिळून रोज थोडं थोडं जोडत होतो. मी पुस्तकातलं चित्र दाखवायची, ते तुकडा उचलायचे, बसला की म्हणायचे, "बसलं!" प्रत्येक वेळी तेवढ्याच जोरात, जणू फार मोठं काम झालं. भाजी चिरता चिरता मला ते ऐकू यायचं आणि उगाच हसू यायचं. आई गेल्यापासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकलाच नव्हता. दिवाळीच्या आधी स्टेशन उभं राहिलं. कुठे फट नाही, कुठे काही सुटलेलं नाही. आणि चादरीवर तेच तुकडे उरले, पहिल्यांदा उरले होते तेच.

बाबांनी ते तळहातावर घेतले आणि एकेक तुकडा बोटानं उलटून पाहिला. "बरोबर हाये तुहं," म्हणाले. "बेकार नाईत ते. इथं जागा नाई त्याईले, एवढंच."

दिवाळी झाली आणि त्यांनी पिशवी भरायला घेतली. सोसायटीतल्या एका आजोबांनी नुसतं विचारलं होतं, "किती दिवस मुक्काम?" विचारणाऱ्याच्या मनात काही नव्हतं. पण गावाकडूनही फोन येत होते, लेकीच्या दारी किती दिवस राहता म्हणून. मी रडून सांगितलं, "राहा ना बाबा. मला बरं वाटतं तुम्ही असलात की. मी कुणाला विचारून राहते का इथे?" ते म्हणाले, "तू येत जा ना, माय. म्या इथं बसून काय करू? मोडत तं काई नाई तुह्या घरात." निघताना वाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे नेऊ का? लागन कुठी." मी लॅबमधली एक कोरी सॅम्पलची डबी आणली होती, पांढऱ्या झाकणाची. तिच्यात तुकडे भरले. ती लघवीच्या तपासणीची डबी आहे हे सांगितल्यावर दोघंही पोट धरून हसलो. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

त्यानंतर दर फोनला एकच प्रश्न. जेवली का, हे नंतर. आधी, "नवीन काई उरलं का?" मला वाटायचं, पोरीचा नाद आहे म्हणून बिचारे विचारतात. मी उरलेले तुकडे कागदाच्या पुडीत बांधून ठेवायची. गावी आमच्या शेजारी राहणाऱ्या शांताकाकूंचा मुलगा पुण्यातच कंपनीत आहे, तो गावी निघाला की त्याच्या हाती पुडी द्यायची. त्या तुकड्यांचं करतात काय, ते बाबांनी कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "येजो मंग, पाहजो." उन्हाळ्यात जायचं मी ठरवलं होतं. सुट्टी मंजूर झाली होती. उन्हाळा यायच्या आत शांताकाकूंचा फोन आला. सकाळी चहा ठेवला होता म्हणे त्यांनी, गॅस चालूच राहिला आणि बाबा ओट्यापाशी पडले.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, घर आवरून कुलूप लावायला मी मागे राहिले. तोवर घराकडे धड पाहिलंच नव्हतं. पंखा लावायला गेले तर रेग्युलेटरचं बटण वेगळंच लागलं बोटांना. पाहिलं तर जहाजाच्या डब्यातलं उरलेलं काळं गोल चाक, चिकटवून पक्कं बसवलेलं. मागच्या खिडकीची कडी माझ्या लहानपणापासून वाऱ्यानं खडखडायची, तिच्या खाचेत बेकरीच्या छपराचा एक लाल तिरपा तुकडा. पलंगाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली चपटे राखाडी तुकडे, एकावर एक. मी खोल्यांमधून वेड्यासारखी हिंडले. भिंतीतल्या दिवळीत, नळाला, दाराच्या मागे, जिथे हात लावावा तिथे एखादा ठोकळा. मी पुण्यात जोडलेल्या प्रत्येक वस्तूतलं काही ना काही त्या घरात बसलेलं होतं.

शांताकाकू चहा घेऊन आल्या, मला तसं पाहून दारातच बसल्या. म्हणाल्या, "तुह्या बापाले दुसरा धंदाच नोता. डबी घेऊन हिंडे घरभर. कुठं काय बसते ते पाहे. आन् एखांदं बसलं का तिकून मले आवाज दे, शांताबाई, बसलं! म्या म्हनो, काय बसलं भाऊ? तं म्हने, माह्या पोरीचं."

आईचा फोटो समोरच्या भिंतीवर होता. त्याच्या चौकटीचा एक कोपरा सैल, काच हलायची. त्या कोपऱ्यात काचेसारखाच पारदर्शक एक तुकडा दाबून बसवला होता. माझ्याकडे बाबांचं काहीतरी असावं म्हणून मी तो नखानं काढला. काच लगेच हलली, आई वाकडी झाली. मी पटकन परत बसवला. टक् आवाज आला.

फोटोखालच्या फळीवर डबी सापडली, पांढऱ्या झाकणाची. उघडली. रिकामी होती. एकही तुकडा उरला नव्हता.

मी ती तिथेच ठेवली आणि कुलूप लावलं. किल्ली शांताकाकूंना दिली. त्या साखरखेर्ड्याच्या स्टँडपर्यंत आल्या, खिडकीखाली उभ्या राहिल्या. गाडी हलताना म्हणाल्या, "काई राह्यलं त नाई ना वं घरी?" त्यांनी आपलं रीत म्हणून विचारलं असेल. मी म्हटलं, "राह्यलं काकू. राहू द्या." चिखली येईपर्यंत मी पदर तोंडाला लावून रडत होते आणि शेजारची बाई मला न विचारता पाण्याची बाटली पुढे करत होती.

लोक विचारतात, आता गावी कोण आहे तुमचं? कोणी नाही. पण पंखा फिरतो, खिडकी खडखडत नाही, आई सरळ आहे. माझं जे इथे कशात बसलं नाही ते सगळं तिथे बसलेलं आहे. घर म्हणजे काय असं मला विचाराल तर मी एवढंच सांगेन.

ठोकळे अजून जोडते. परवा एक पवनचक्की पूर्ण झाली. वाटीत पुन्हा चार तुकडे पडले, आणि सवयीनं मी पुडीसाठी कागद फाडला. फाडलेला कागद घडी करून परत खणात ठेवला. माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार आजकाल आपोआप उघडतं, बिजागरी झिजली आहे. बाबा असते तर एका दिवसात केलं असतं. मी वाटी घेऊन उठले. पहिला तुकडा जाड झाला. दुसरा गळून पडला. तिसरा, निळा, चपटा, फटीत सरकवला, अंगठ्यानं दाबला आणि दार लावून हात सोडला. दार उघडलं नाही.

भर दुपारी, रिकाम्या घरात, खिडक्या उघड्या असताना मी जोरात ओरडले, "बाबा, बसलं!"