गावंडे सरांचा देवदार

होळी होऊन गेलेली, अमरावती तापायला लागलेली, आणि गावंडे सर लोकरी मफलर गुंडाळून वर्गात आले की आम्ही ओळखायचो, आज हिमयुग आहे. सर घाम पुसत शिकवायचे. "काढा ना सर मफलर!" कुणी म्हटलंच तर म्हणायचे, "काहून? हिमयुग आंगावर आल्याबिगर समजत नाई!"

वनस्पतिशास्त्राचे एम.एस्सी. असूनही त्यांनी आपल्या गावची, हिवरखेडची बोली सोडली नव्हती. पुण्याहून आलेल्या आमच्या प्राचार्यांना याचं भारी दुःख. सर सांगायचे, "थंडी वाढली, तसे थंड हवेचे झाडं पिढ्यान्‌पिढ्या बिया टाकत सातपुड्यापर्यंत आले. मंग ऊन वाढलं. काही चिखलदऱ्यावर चढून बसले, बाकीचे मेले. झाडाले भांडता येत नाई बाप्पा. हवा मानवली नाई का सरकाव."

एका वनमहोत्सवाला मंत्रीमहोदय शिमल्याहून देवदाराचं रोप घेऊन आले. सर प्राचार्यांना म्हणाले, "सर, हा पाहुणा हजारो वर्षं उशिरा आला. नाई जगत."

"गावंडे, तुमची नोकरी अजून कायम व्हायची आहे," प्राचार्य म्हणाले.

रोप लागलं, भाषणं झाली, फोटो निघाले. उन्हाळ्यात देवदाराची काडी झाली. पण प्राचार्य खमके! त्यांनी त्याच खड्ड्यात माळ्याकडून कडुलिंब लावून घेतला आणि 'देवदार' ही पाटी तशीच ठेवली.

पुढे मंत्री पुन्हा आले. डोक्याएवढं उंच झालेलं झाड बघून गहिवरले. "वा! वऱ्हाडच्या हवेनं पानं जरा रुंद झाली, पण रोपानं तग धरला!" टाळ्या पडल्या. प्राचार्यांनी सरांना पुढे केलं, "ही यांचीच मेहनत. हो ना, गावंडे?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर नोकरी कायम होती. आम्ही मनात म्हणत होतो, सर, म्हणा हो!

सरांनी एक पान तोडून मंत्र्यांपुढे धरलं. "साहेब, कडुलिंब हाय. चावून पाहा."

मंत्र्यांनी खरंच चावलं. तो फोटो मात्र कुणी काढला नाही.

महिन्याभरात सरांना नारळ मिळाला. तेल्हाऱ्याच्या शाळेत जागा होती, तिकडे निघाले. मोटारस्टँडवर मला रडू आवरेना. "गप राहिले असते तर काय बिघडलं असतं, सर?"

"तुले काय शिकवलं मी?" मफलर माझ्या गळ्यात टाकून सर मोटारीत चढले. "हवा मानवली नाई का सरकाव."

पाटी अजून तिथेच आहे. भर उन्हाळ्यात अख्खं कॉलेज त्या देवदाराच्या सावलीत बसतं, आणि दात घासायला त्याच्याच काड्या मोडून नेतं.