फाटक्या डिक्शनरीचा डाव

करीमभाईंच्या बुकबायंडिंगच्या दुकानाचा विषय निघाला की माझं तोंड थांबतच नाही. एक किस्सा संपेस्तोवर दुसरा हजर!

हिंगोलीत मी इंग्रजी शिकवायचो, तेव्हा रोज संध्याकाळी तिथं आमचा डाव. बारा अक्षरांच्या वरचा इंग्रजी शब्द टाकायचा. डिक्शनरीत सापडला तर समोरच्यानं चहा आणायचा, नाही तर टाकणाऱ्यानं.

पंच करीमभाई. त्यांना इंग्रजी अजिबात येत नव्हतं! एकेका अक्षराचा आकार बोटानं जुळवून निकाल द्यायचे. "अर्थ कळत न्हाई, म्हून तर मी इमानदार!" दहा वर्षांत त्यांनी कुणाला सूट दिली नाही.

*

डिक्शनरी एकच, तीही 'टी' अक्षरापाशी फाटलेली. पुढची पानं गायब! तपासणार कशात? म्हणून तिथून पुढचे शब्द मान्यच धरायचे. मग आमचे ड्रॉइंग मास्तर दत्तोपंत दुसरं कशाला काय टाकतील? टिंटिनॅब्युलेशन! व्हॅलेट्युडिनेरियन!

मी चिडायचो. "हे शब्द घरी पिकवता का हो?"

"व्हय, आमच्या गावी, डोंगरकड्याला, मळाच हाय!"

*

एकदा दत्तोपंतांनी गावच्या हकिमांना ऐकवलं, "मी व्हॅलेट्युडिनेरियन हाय." हकीम घाबरले. यांना तीन दिवस नुसतं मुगाचं पाणी!

"अर्थ काय त्याचा?" करीमभाईंनी विचारलं.

"उगंच सोताला आजारी समजनारा!"

*

मीही कमी नव्हतो. पुसेगावला मेहुण्याच्या पोराचं बारसं. आत्यानं नाव सांगितलं, मी इंग्रजी अक्षरं बोटांवर मोजली अन् बोलून गेलो, "नऊच? चालणार नाही!" सासरे महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

अठ्ठेचाळीस साल आलं अन् सगळंच बिनसलं. रोज नवी अफवा, गावोगाव जाळपोळ. दत्तोपंत लेकरांना घेऊन संस्थानाच्या हद्दीपलीकडं, वाशिमला निघाले. जाताना करीमभाईंच्या हातात पुडकं दिलं. उघडलं तर डिक्शनरीची गायब पानं!

"मीच फाडली होती. आता बांधून टाका. दर आठवड्याला कार्डावर एक शब्द धाडतो. कार्ड आलं म्हंजे जिता हाय समजा."

महिना गेला, कार्ड नाही. मला कुठं बसवेना. दिवसातून तीनदा पोस्टात चकरा. करीमभाई तर पानं बांधायलाच तयार नाहीत.

"काहून?" मी विचारलं.

"बांधली तं त्यो हरंल ना!"

पाचव्या आठवड्यात कार्ड आलं. 'व्ही'पासून सुरू होणारा एकच लांबलचक शब्द. अक्षर दत्तोपंतांचंच! मला रडूच फुटलं.

करीमभाईंनी सुटी पानं मांडली, बोट फिरवलं. एकदा, दोनदा. मीही पाहिलं. शब्द कुठंच नव्हता.

करीमभाईंनी पानं गुंडाळली.

"बराबर हाय शब्द!" म्हणाले, अन् टोपी घालून स्वतःच चहा आणायला गेले.