दुसऱ्यांची चर्चं

आखाती युद्धात रियाधला सायरन वाजला की आम्ही कंपनीच्या तळघरात उतरायचो. तिथे माझ्या शेजारी जनरेटर सांभाळणारा एक रोमानियन मेकॅनिक बसायचा. गॅसमास्क कपाळावर सरकवून तो फरशीवरच्या धुळीत बोटाने बुखारेस्टमधली जुनी चर्चं काढायचा. इटालियन लोकांचं कॅथलिक चर्च, जर्मनांचं उंच मनोऱ्याचं प्रोटेस्टंट चर्च. धोका टळला की बाहीने सगळं पुसून टाकायचा. सौदीत चर्च धुळीतही चालत नसे.

मी त्याला कॅथलिकच समजत होतो. एकदा विचारलं तर म्हणाला, "छे, मी ऑर्थोडॉक्स पंथाचा. आमच्या शहरात बहुतेक सगळेच. आमची चर्चं गल्लोगल्ली आहेत, ती कोण विसरेल? दुसऱ्यांची थोडीच आहेत, ती लक्षात ठेवावी लागतात."

मग माझ्यापुढची धूळ तळहाताने सारखी करत म्हणाला, "आता तू काढ. तुझ्या गावातलं, दुसऱ्यांचं."

मी रत्नागिरीकडचा, घर देवळाला लागून. गावात मशीद आहे, तिची बांग ऐकतच लहानाचा मोठा झालो. बोट टेकवलं खरं, पण तिला मिनार एक की दोन, ते काही केल्या आठवेना.