आ कर, बाबा

काल दंतवैद्याने माझ्या तोंडात बॅटरी धरली आणि मला नाशिकच्या न्यायालयासमोरील ती सकाळ आठवली. परदेशातील एक पदच्युत हुकूमशहा खड्ड्यात लपलेला सापडला होता. चहाच्या टपरीवरील टीव्हीत डॉक्टर त्या दाढीवाल्याचे दात तपासत होता. लोक हसत होते.

मी तिथे लोकांना अर्ज लिहून देत असे. माझ्यासमोर पेठ तालुक्याकडचा दाढी वाढलेला म्हातारा बसला होता. त्याच्या मुलाच्या सुटकेसाठी मी लिहिलेल्या अर्जावर त्याला अंगठा उमटवायचा होता.

“हुकूमशहा इथं आहे,” मी मोठ्याने जाहीर केले. “आ कर, बाबा.”

त्याने निमूट तोंड उघडले. मी लेखणीने एकेक दात मोजला. टपरी हसून लोळली.

“दात लिवलं ना, साहेब? आता सुटंल ना पोरगा?”

“सुटेल,” मी म्हणालो, कारण लोक अजून हसत होते.