लिथियमचा पिवळा उजेड

भुताखेतांचा विषय निघाला की चहाचा कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाणारा मी माणूस. राहायला अंबरनाथ पूर्वेला, पंधरा वर्षं मेंटेनन्समध्ये. प्रत्येक गोष्टीचं कारण व्हॉल्व्हमध्ये नाहीतर वायरिंगमध्ये सापडतं, हा माझा अनुभव. म्हणूनच हे लिहिताना थोडी लाज वाटतेय...

आनंदनगर एमआयडीसीतल्या आमच्या प्लांटमध्ये मला काम शिकवलं ते सावंतकाकांनी. त्यांच्याकडे जुनी बल्बची टॉर्च, निकेलचे चार्जिंगचे सेल घातलेली. मी उल्हासनगरहून एलईडीची आणली, लिथियम सेलवाली. दुकानदार म्हणाला होता, "साईं, आखिर तक एकदम सफेद लाइट." यावरून मी काकांना खूप चिडवायचो. ते म्हणायचे, "अरे, म्हणूनच नको. निकेल आधी पिवळा पडतो, बाहेर यायला वेळ देतो. तुझं लिथियम न सांगता जातं."

रिटायर झाल्यावर वर्षभरात काकाच गेले. अटॅक.

गेल्या उन्हाळ्यात, दुपारी अडीचच्या सुमारास, धुऊन रिकामी केलेली एक टाकी आतून तपासायची होती. जेवणाच्या सुट्टीनंतर आतली हवा पुन्हा टेस्ट करायची, असा नियम. पाच मिनिटांचं तर काम, म्हणून मी सकाळच्याच टेस्टच्या भरवशावर आत उतरलो. वर तोंडापाशी आमचा ऑपरेटर भोईर, सोनिवलीचा, लक्ष ठेवून उभा होता.

तळाशी वेल्डिंग बघत होतो आणि उजेड पिवळा पडला. मग तांबूस. पांढऱ्या एलईडीचा... फुल चार्ज केलेल्या टॉर्चचा! काकांची टॉर्च संपत आली की व्हायची, अगदी तसा, हळूहळू. अंगावर सरसरून काटा आला. पाठीमागे कोणीतरी उभं आहे असं वाटलं, पण वळून बघायची हिंमत झाली नाही. शिडी धरली आणि कसाबसा वर आलो.

बाहेर आलो तर टॉर्च पांढरीशुभ्र. सेल मीटरवर तपासला — फुल. भोईरनं हवेचा मीटर दोरीनं आत सोडला आणि मीटरचा अलार्म बोंबलायला लागला. नायट्रोजनचा व्हॉल्व्ह गळत होता, आत ऑक्सिजन पार खाली गेलेला. अजून दोन मिनिटं थांबलो असतो तर मी तिथेच आडवा झालो असतो.

डॉक्टर म्हणाले, ऑक्सिजन कमी पडला की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला हायसं वाटलं. पण भोईर तर मोकळ्या हवेत होता.

"सायेब, मी पन बगितली ना. पिवली झाली व्हती."

"मग हाक का नाही मारलीस?"

"मारनार व्हतो. पन त्याच्या आदीच तुमी बोल्ले ना... 'हो काका, येतो.'"

भोईर माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्याला मी कधी काका म्हटलेलं नाही. आणि असं काही बोलल्याचं मला आठवतही नाही.

कारण अजून सापडलेलं नाही. काकांनी रिटायर होताना जमा केलेली टॉर्च स्टोअरमधून मागून घेतली, निकेलचे सेल घालून आता तीच वापरतो. टाकीत उतरलो की मागे मात्र अजूनही बघत नाही.