मायचं दम्याचं मशीन

मागच्या महिन्यात शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि मायला नांदेडच्या छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. खरं सांगायचं तर मी तिची तक्रार करायलाच गेले होते…

माय किनवटजवळच्या एका खेड्यात राहते. तिथल्या निवासी शाळेच्या वसतिगृहात तिनं पंचवीस वर्षं स्वयंपाक केला. पत्र्याची खोली, जंगलातली ओलसर लाकडं, वसतिगृहभर पोरींच्या भाकरी. बिडीला तिनं कधी हात लावला नाही, पण चुलीचा धूर सगळा तिच्याच छातीत गेला.

गेल्या उन्हाळ्यात तिला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्यांचा जुनाट आजार असल्याचं कळलं. गावाकडं त्याला सगळे दमाच म्हणतात. तिकडच्या दवाखान्यातून कॅप्सूल आणि एक छोटं मशीन मिळालं. एकाच कॅप्सूलमध्ये दोन औषधं असतात… एक श्वासनळ्या मोकळ्या करणारं, दुसरं आतली सूज उतरवणारं. दम लागो न लागो, रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचंच.

पुढच्या कॅप्सूल मी दर महिन्याला नांदेडहून पाठवायचे. फोनवर विचारायचे, औषध घेतलंस का? ती म्हणायची, हाव. तरी तिचा दम वाढतच चालला होता. हापशावरून घरी येईपर्यंत दोनदा खाली बसायची. पावसाळ्यात तर चार दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं.

दिवाळीनंतर एकदा ती म्हणाली, "आता ते औषध धाडू नको, प्रज्ञा. माझ्या अंगाला लागत न्हाई ते."

मी चिडले. फोनवर नको ते बोलले. तू घेतच नसशील, डब्यात भरून ठेवत असशील, माझ्याशी तरी खोटं बोलू नको… असं सगळं.  फोनमधून नुसता तिचा श्वास ऐकू येत होता.

तर त्या दिवशी डॉक्टरांसमोर मी हेच सगळं सांगितलं. डॉक्टर म्हणजे साठीच्या एक बाई होत्या. त्यांनी माझं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग मायकडे वळल्या. "मावशी, घरी रोज घेता ना, तसं मला आत्ता घेऊन दाखवा."

मायनं पिशवीतून बाटली काढली. एक कॅप्सूल तळहातावर घेतली. मग टेबलावर इकडंतिकडं बघितलं आणि मला म्हणाली, "जरा पाणी दे बाई."

मला क्षणभर कळलंच नाही… मग लक्षात आलं. मशीनमध्ये घालून श्वासाबरोबर आत ओढायची ती कॅप्सूल माय इतके महिने पाण्याबरोबर गिळत होती.

मशीन पिशवीतच होतं. स्वच्छ रुमालात गुंडाळलेलं, एकदाही न वापरलेलं. ते अगदीच गळ्याशी आल्यावर वापरायचं, असं तिला वाटलं होतं. मशीन लागलं म्हणजे माणसाचं काही खरं नाही, असं गावात बोलतात. ती वेळ अजून आली नाही, असं ती स्वतःला समजावत होती.

आणि 'सकाळी एक, संध्याकाळी एक, खाल्ल्यावर घेत जा' हे तिला फोनवर सांगितलं होतं मीच. मधल्या सुट्टीत, घाईघाईत. तिनं तंतोतंत तेच केलं. दरवर्षी सातवीच्या पोरांना श्वसनसंस्था शिकवणारी मी, माझ्या मायला औषध कुठून आत जायचं एवढंही नीट सांगू शकले नाही.

डॉक्टर हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. बऱ्याच जणांचं असं होतं, म्हणाल्या. पोटात गेल्यानं मोठा अपाय झाला नाही, पण छातीपर्यंत औषध पोचलंच नाही. मग त्यांनी शिकवलं. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मशीन ओठांत घट्ट धरून जोरात आत ओढायचं, दहा आकडे मोजेपर्यंत दम धरायचा. शेवटी चूळ भरून थुंकायचं, नाहीतर तोंड येतं. मायनं दोनदा रिकाम्या मशीनवर करून बघितलं, तिसऱ्यांदा कॅप्सूल घालून ओढलं. बरोबर जमलं.

स्टेशनकडे जायला आम्ही ऑटोत बसलो. मी म्हटलं, माय, माझं चुकलं. तिनं मशीनची पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाली,

"दवाखाना चांगला, औषध चांगलं, लेक बी चांगली. मंग मला वाटलं, माझ्यातच कायतरी खोट हाय."

 इतके महिने ती नुसता दम सोसत नव्हती. हेसुद्धा एकटीच मनात घेऊन बसली होती… आणि त्यात मी तिला खोटारडी म्हटलं होतं.

आता महिना होऊन गेलाय. आजार पूर्ण जाणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. चुलीपासूनही लांब राहायचंय. पण तिला आता सलग झोप लागते, आणि फोनवर ती मला एका दमात रागावू शकते. हे ऐकायला किती बरं वाटतं, काय सांगू!

तुमच्या घरात कुणी पंप किंवा मशीन घेत असेल, तर 'घेतलं का' एवढं विचारून थांबू नका. एकदा जवळ बसून बघा. अडलं तर डॉक्टरांना दाखवा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

गेल्या रविवारी मी गावी गेले. माय ओट्यावर मशीन घेऊन बसली होती, श्वास रोखलेला, बोटांवर आकडे मोजत. मी दिसले तशी ती थोडी सरकली, आणि शेजारी मला जागा करून दिली.