पेरूपाशी वाजवणारा टोंडेराय

मायदेईने आयुष्यात पहिला सूर कधी लावला नाही. म्बिराच्या लोखंडी पट्ट्यांवर अंगठे आधी पडायचे ते भावाचे, टोंडेरायचे. मग ही आपल्या म्बिरावर त्याच्या सुरांमधल्या फटी भरायची. त्याचा तो पहिला भाग, हिचा मागचा, दोघांचं मिळून एक गाणं व्हायचं. लग्न केलं, नवरा पळाला, शहरात हायफील्डच्या बाजारात टोमॅटो विकले, पण शनिवारी दारिरोत जाणं तिने चुकवलं नाही.

दारिरो म्हणजे पूर्वीचा एक बंद पडलेला गुत्ता. टोंडेराय, एक कुंभारीण, एक दगड घडवणारा आणि नाचणारी सेकाई यांनी तो झाडून घेतला. मालक कोणी नाही, नफा कोणाला नाही, भांडणं मात्र सगळ्यांना. नियम एकच: वाजवणाऱ्याने मागे बसून नुसती साथ करायची नाही, दुसऱ्या कलेच्या माणसाबरोबर काहीतरी नवं उभं करायचं. म्हणून टोंडेराय कधी चाकावरच्या मडक्याबरोबर वाजवायचा, कधी छिन्नीबरोबर, आणि सगळ्यांत जास्त सेकाईच्या पायांबरोबर.

मग एक दिवस टोंडेरायच्या छातीत कळ आली आणि आटोपलंच.

आमच्यात मेलेला माणूस लगेच घरचा होत नाही. तो रानोमाळ भटकत राहतो. वर्ष उलटलं की नाचणीची दारू लावायची, थडग्यापासून घरापर्यंत वाजवत त्याला आणायचं, तेव्हा कुठे तो पूर्वजांत बसतो. त्यांच्या घराण्यात मेलेला माणूस परत यायचा तो घराण्याच्याच गाण्यावर, आणि ते वाजवता येणारी दोनच माणसं उरली होती. त्यातलं एक मेलं.

वर्ष भरलं तसा गावाहून चुलता निरोपावर निरोप धाडत होता. मायदेईचं उत्तर ठरलेलं: पहिला भाग त्याच्याबरोबर गेला, मला मागचाच येतो. ऑक्टोबर उजाडला. नोव्हेंबरात आम्ही मेलेल्यांना हाक मारत नाही, तेव्हा आता राहिलं तर ते पुढच्या वर्षावरच जाणार.

मायदेईला तेच हवं होतं. कारण रोज तिन्हीसांजेला अंगणातल्या पेरूपाशी टोंडेराय वाजवायचा. दिसायचा नाही. पहिला भाग, त्याच्या सवयीने जरा घाईत. ती उंबऱ्यात बसायची आणि फटी भरायची. शेजारणी म्हणत, बिचारी अर्धंच गाणं वाजवते. बिचारी कसली! तिच्याइतकं सुखी त्या गल्लीत कोणी नव्हतं. अंगावर काटा यायचा तो वेगळा, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही.

एकदा सेकाई आली. दोघी पालेभाजी निवडत बसल्या. ऊन उतरलं तसे पेरूपाशी सूर लागले. मायदेईने मान वर केली नाही. पण सेकाईचे पाय मातीवर हलायला लागले, फटी जिथल्या तिथे सोडून.

"हे काय नाचतेस?" मायदेईने विचारलं.

"त्याच्याबरोबर इतकी वर्षं नाचले, मावशी. पायांना पाठ आहे."

"पाठ आहे म्हणून, की ऐकू येतंय म्हणून?"

सेकाईने हातातली भाजी खाली ठेवली. "मला वाटलं, मला एकटीलाच येतंय." मग हळूच म्हणाली, "तो तुला भेटायला येत नाही गं. आत घे म्हणतोय. तू त्याला रोज अंगणात उभा ठेवतेस."

मायदेई भडकली. कालची पोर मला शिकवते म्हणाली, आणि सेकाईला तिने अर्ध्या भाजीनिशी घालवून दिलं. पण ते बोलणं काही मनातून जाईना.

शनिवारी ती दारिरोत गेली आणि टोंडेरायच्या स्टुलावर बसली. "पाय टाक," सेकाईला म्हणाली. पाय पडेल तिथे ही अंगठा टाकी. चुकली की पुन्हा पहिल्यापासून. कुंभारणीने चाक थांबवलं. दगडवाला म्हणाला, "इथे तो घाई करायचा." अंधार पडेपर्यंत पहिला भाग तिच्या हातात आला.

महिना सरायच्या आत गावी थडग्यापासून घरापर्यंत मायदेई वाजवत पुढे चालली, शेजारी सेकाई नाचत. मागचा भाग वाजवायला कोणी नव्हतं, फटी तशाच राहिल्या. टोंडेराय तरीही आला. दारात बायकांनी आरोळ्या दिल्या, चुलत्याने जमिनीवर दारू ओतून त्याचं नाव घेतलं.

हायफील्डला परतल्यावर ती तिन्हीसांजेला उंबऱ्यात बसली. पेरूपाशी काही वाजलं नाही. तिने स्वतःच पहिला भाग सुरू केला, जरा घाईत, आणि फटींपाशी थांबत राहिली. कोणी भरायला आलं नाही. भाऊ गेल्यापासून ती त्या दिवशी पहिल्यांदा रडली.